आजारातून उठताना मुलांसाठी संस्था कशी उभारावी : क्रोशाच्या टोपीपासून न्यासनोंदणीपर्यंत

मोठ्या आजारानंतर अंगात ताकद हळूहळू येते, वेळ मात्र हाताशी असतो. अशा काळात रुग्णालयातील मुलांसाठी क्रोशाच्या टोप्या विणण्याचा उपक्रम अंथरुणाशेजारी बसूनही सुरू करता येतो. सलग किती वेळ बसणे आणि मुलांच्या वॉर्डात जाणे झेपेल, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. केमोथेरपी संपल्यावरही काही काळ प्रतिकारशक्ती कमी असते, त्यामुळे टोप्या पोहोचवण्याचे काम दुसऱ्याकडे देणेच बहुधा शहाणपणाचे ठरते.

दोरा आणण्यापूर्वी वॉर्डाची गरज समजून घ्यावी. पुण्यातील ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. त्यांना फक्त विणून तयार असलेल्या टोप्यांचा आकडा सांगावा, पुढच्या महिन्याचा नव्हे, कारण आपली तब्येत कधी मागे फिरेल याचा भरवसा नसतो.

केमोथेरपीने केस गेलेल्या डोक्याची त्वचा हुळहुळी झालेली असते, म्हणून लोकर टाळून मऊ सुती दोरा घ्यावा. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत तो घेताना एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे वेष्टनावर पाहावे. लॉट बदलला की छटा बदलते आणि टोपीवर पट्टा उमटतो. विणून झाल्यावर टोपी उलटी करून आतली बाजू मनगटावर फिरवावी आणि जी गाठ टोचेल ती उसवून पुन्हा घ्यावी. बाहुल्या करावयाच्या असल्यास डोळ्यांना मणी किंवा बटणे लावू नयेत, लहान मूल ती गिळू शकते. डोळे दोऱ्यानेच भरावेत. प्रत्येक वस्तू धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत द्यावी.

काम दिसू लागले की शेजारीपाजारी पैसे पुढे करतात, आणि इथेच घाई नडते. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते; गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. ती मिळेपर्यंत पैसे घेऊ नयेत.

नोंदणीची घाई करू नये, असे माझे मत आहे. काही महिने काम टिकले आणि आपल्याखेरीज दोन-तीन जण नेमाने येऊ लागले, तरच न्यासपत्र, म्हणजे ट्रस्ट डीड, करावे. ते झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत याच अधिनियमानुसार (1950) पुण्यातील धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. बँक खाते न्यासाच्याच नावाने काढून तीन विश्वस्तांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्यांनी चालवावे, म्हणजे आपण पुन्हा रुग्णालयात दाखल झालो तरी व्यवहार अडत नाहीत. देणगीदारांना करसवलत मिळण्यासाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

पुण्यात घरटी कोणीतरी अमेरिकेत असते, म्हणून एक खबरदारी : भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, परंतु त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असल्यास ती ठरते आणि त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र मंजुरी लागते. म्हणून पावती फाडण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारावे.