वीज टिपायला निघालात? आधी या चुका टाळा

मे संपत आला की ठाण्या-नवी मुंबईतले हौशी फोटोग्राफर गाडीत ट्रायपॉड टाकून माळशेजकडे सुटतात. मध्यरात्री परततात तेव्हा कार्डात नुसत्या पांढऱ्याफटक नाहीतर काळ्याकुट्ट फ्रेमा असतात. मग दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो, "सेटिंग काय चुकलं?" खरं तर बहुतेकांचं सेटिंगच्या आधीच चुकलेलं असतं.

ढगाच्या खाली जाऊन उभं राहणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती जिवावर बेतते.

वळवाचा ढग कसा वाढतो ते आधी समजून घ्या. समुद्राकडून आलेली दमट हवा तापलेल्या सह्याद्रीवर चढते आणि दुपारनंतर कड्यांच्या माथ्यावर ढग फुगायला लागतात. वरच्या थरात पूर्वेचा वारा असेल, तर तेच ढग संध्याकाळी मुरबाड, बदलापूर, कल्याण करत आपल्याकडे सरकतात. परतीच्या पावसातही, ऑक्टोबरात, असंच होतं. म्हणजे जो ढग आपणहून तुमच्याकडे यायला निघालाय, त्याला गाठायला तुम्ही घाट चढत असता.

अशा ढगाची उंची १२ ते १५ किलोमीटर भरते. त्याच्या पायथ्याशी उभं राहून फ्रेममध्ये घेणार काय? वर राखाडी छत आणि समोर पावसाचा पडदा, बस. मी निदान १५-२० किलोमीटर पश्चिमेला थांबतो. नाणेघाट-जीवधनची रांग हवी असेल तर टोकावड्याच्या बरंच अलीकडे, मुरबाडच्या आसपास. प्रबळगड-कलावंतीण हवे असतील तर पनवेलच्या बाजूला. मावळता सूर्य पाठीशी असतो, ढगाचा ऐरणीसारखा पसरलेला माथा केशरी होतो आणि खाली कड्यांची काळी रेघ स्पष्ट राहते. पारसिक डोंगराच्या माथ्यावरून पूर्व छान दिसते, पण ढग जवळ येताना उघड्या डोंगरमाथ्यावर थांबायचं नाही.

एका ऑक्टोबरात मी ओतूरहून माळशेजमार्गे ठाण्याला परतत होतो. घाटमाथ्यावर चार तरुण कठड्याला चिकटून ट्रायपॉड लावून उभे होते. ढग थेट डोक्यावर. गाडी थांबवून त्यांना आत बसा म्हटलं, तर उत्तर आलं, "काका, अजून पाऊस कुठे पडतोय?" पाऊस पडायलाच हवा असं नसतं, पावसाच्या पट्ट्यापासून १० किलोमीटर दूरही वीज पडते. काही मिनिटांत त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले आणि बाकीचे मोबाइल काढून त्याचाच फोटो घ्यायला लागले! मी अक्षरशः ओरडून त्यांना गाडीत कोंबलं. केस उभे राहणं म्हणजे वीज तिथेच पडू शकते याची शेवटची सूचना. दारं लागली आणि पलीकडच्या कड्यावर वीज कोसळली. एका मुलाच्या कानातला आवाज घाट उतरेपर्यंत गेला नव्हता. कार्डातली ती फ्रेम पूर्ण पांढरी. त्याच वेळी माझा एक मित्र मुरबाडजवळ थांबला होता. त्याच्याकडे तीच वीज ढगापासून कड्यापर्यंत अख्खी, फाट्यांसकट आली.

माझी सवय सांगतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप उघडं ठेवतो. गडगडाट ऐकू आला की आवरून गाडीत बसतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडत नाही. चमक आणि आवाज यांत ३ सेकंदांचं अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. पण हे मोजत बाहेर उभं राहू नका. पत्र्याच्या बंद गाडीत आपण सुरक्षित असतो ते टायरमुळे नाही. वीज गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरून बाहेरूनच जमिनीत जाते. म्हणून रिक्षा, उघडी जीप किंवा झाड हा आडोसा नव्हे.

शटर बदलत बसणं

फोटोत वीज जळाली, म्हणजे नुसती पांढरीफटक आली, की नवशिके शटरचा वेळ कमी करतात. उपयोग शून्य. वीज सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपते, त्यामुळे तिचा उजेड अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ठरवतात. शटर ठरवतं ते डोंगर आणि आकाश किती उजळ येतील एवढंच. अंधार पडल्यावर आयएसओ १००, एफ/८ आणि १० ते २० सेकंद, इथून मी सुरुवात करतो. वीज जळाली तर एफ/११, म्हणजे भोक लहान; फिकी आली तर एफ/५.६, म्हणजे भोक मोठं. केबल रिलीज (वायरला जोडलेलं शटरचं बटण) लॉक करून फ्रेमा सलग चालू ठेवतो. वीज दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला कधीच काही मिळत नाही.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले ठिपके घालवणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद करा. नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून राहतो, आणि चांगली वीज नेमकी तेव्हाच पडते.

फोकस रिंग टोकापर्यंत फिरवू नका. दूरचा दिवा स्क्रीनवर मोठा करून फोकस लावा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

जुलैत विजेसाठी माळशेजला जाऊ नका. भर पावसाळ्यात घाटावरचे ढग बहुतेक ठेंगणे असतात, त्यांत वीज फारशी तयार होत नाही. धबधब्यांसाठी जा.

आणि अॅपमधून आयती वीज चिकटवू नका. डोंगराच्या अलीकडे पडलेली, दगडावर जराही उजेड न पाडणारी वीज जाणत्याला लगेच ओळखू येते. अनेक फ्रेमा जोडून एक चित्र केलं असेल तर खाली तसं लिहा.

लेन्सवर धुकं धरतं ही तक्रार तर दर मोसमात येते. एसीच्या गारव्यातला कॅमेरा दमट हवेत काढला की काच घामेजणारच. पोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा आणि कॅमेरा बॅगेबाहेर ठेवा. तरीही धुकं आलंच तर पुसत बसू नका, पुन्हा येतं. काच हवेइतकी गरम होईपर्यंत थांबा.