पोटरी सारखी उडते? आधी ताकद तपासा

पोटरीत, मांडीत किंवा दंडात कातडीखाली काहीतरी वळवळते, त्याला आपल्याकडे 'शीर उडते' असे म्हणतात. प्रत्यक्षात उडतो तो स्नायू: त्याच्याकडे जाणाऱ्या चेतातंतूतून आपोआप संदेश सुटतो आणि त्या तंतूच्या ताब्यातले स्नायूधागे क्षणभर आकसतात. जागरण, अतिश्रम, जास्तीचा चहा आणि काळजी यांनी हे वाढते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हात घामावाटे पाणी व क्षार गेल्यावरही वाढते.

भीती असते ती एएलएस या मोटर न्यूरॉन आजाराची. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच मरत जातात, म्हणून हातापायातली ताकद जाते आणि स्नायू वाळतो. नुसत्या उडण्यापेक्षा हीच खूण महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासणीत स्नायू उडण्याखेरीज दुसरा दोष न आढळलेल्या 121 जणांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी एकालाही हा आजार झाला नाही.

म्हणून ताकद तपासावी, पण एकदाच. दहा पावले टाचांवर आणि दहा चवड्यांवर चालावे, उकिडवे बसून आधाराशिवाय उठावे, सदऱ्याच्या गुंड्या लावाव्यात, कुलपात किल्ली फिरवावी, दोन्ही हातांनी आलटून पालटून भरलेली कळशी उचलावी. गुडघेदुखीमुळे उठणे जड गेले तर ते दुखणे झाले, त्याला अशक्तपणा समजू नये. ही परीक्षा दर तासाला घेतल्यास स्नायू थकतो, थकलेला स्नायू अधिक उडतो आणि मनाची समजूत काढणे आणखी अवघड होते. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाऊल लोंबून चप्पल वारंवार निसटणे, एका हाताची पकड कमी होत जाणे, अंगठ्याखालचा उंचवटा खोलगट होणे, जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट होणे किंवा घास-पाणी गिळताना ठसका लागणे, यांपैकी काहीही असल्यास मज्जातंतूतज्ज्ञाकडे लवकर जावे. ते हातापायांची तपासणी करून गरज वाटल्यास ईएमजी करतील, म्हणजे बारीक सुई स्नायूत घालून त्यातील विद्युत हालचाल पाहतील.

कापसावर किंवा तुरीवर फवारणी करून आल्यानंतर अंगभर मांस उडू लागले आणि सोबत तोंडाला लाळ, दरदरून घाम, मळमळ किंवा अंधुक दिसणे असेल, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. अशा वेळी भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांनी दोन आठवडे पुरेशी झोप घ्यावी, चहा कमी करावा आणि तरीही उडणे त्रासदायक वाटल्यास ओळखीच्या डॉक्टरांकडून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, कारण रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होऊ शकते.