वेळ अमावस्येची तयारी: आंबिल, भज्जी आणि कोप

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूर भागात गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. या दिवसाला कुणी दर्शवेळा म्हणतं, बोलताना येळवस. तेव्हा ज्वारी-हरभरा रानात उभा असतो आणि तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. त्या दिवशी ताटात येतं तेही बहुतेक याच रानातलं.

आंबिलाला आदल्या संध्याकाळीच लागावं. एक वाटी ज्वारीचं पीठ एक वाटी आंबट ताकात कालवून, झाकून चुलीजवळ ठेवा. थंडीत ते आंबायला दहा-बारा तास घेतं. ओट्यावर गारठ्यात राहिलं तर सकाळी पिठूळच लागतं. चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ धार धरून सोडा, सतत ढवळा आणि दहा मिनिटं शिजू द्या. पूर्ण गार झाल्यावरच तीन वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर घाला. गरम आंबिलात ताक फाटतं. न्यायला मातीचं भांडंच बरं, कारण कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो.

खरी कसोटी भज्जीची. आठ माणसांना तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे आणि वाटाणे प्रत्येकी एक वाटी, भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी, मेथी आणि कांद्याची पात एकेक जुडी. आधी शेंगदाणे आणि तूर शिजवा, अर्धवट मऊ झाल्यावर सोलाणे-वाटाणे, मग पालेभाज्या. चिंचेचा कोळ दाणे पुरते शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की दाणे कितीही उकळले तरी टणक राहतात. अर्धी वाटी बेसन गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि ओता. लसूण-हिरव्या मिरचीच्या ठेच्याची फोडणी सढळ हाताने द्या. शेतात पोचेपर्यंत भज्जी आळते, म्हणून घरी थोडी पातळच ठेवावी.

सोबत बाजरीचे उंडे. पीठ उकळत्या पाण्यातच भिजवा, गार पाण्याने ते वाफवताना चिरतात. तीळ, मीठ घालून लिंबाएवढे गोळे करा आणि वीस मिनिटं वाफवा.

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेंडे एकत्र बांधले की कोप, म्हणजे छोटी खोपी, झाली. तोंड पूर्वेला. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडून पूजा करतात आणि नैवेद्य दाखवतात. मग पिकावर आंबिल शिंपडत ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणत रानाला फेरी. उच्चार गावोगाव थोडा वेगळा. जेवायला वाटसरूलाही आग्रहाने बसवतात, म्हणून स्वयंपाक मोजून करू नये.

संध्याकाळी गवताचा हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, पेटवून शेताभोवती फिरवतात. वाऱ्याची दिशा आधी पाहा. कडब्याची गंज आणि वाळलेली ज्वारी यांपासून लांबून जा, आणि विझवायला घागरभर पाणी हाताशी असू द्या.