फोटोओळ जागेवरच लिहा

फोटोग्राफी शिकायला आलेली मुलं पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच विचारतात. कुठला घेऊ, किती मेगापिक्सेलचा, लेन्स कोणती? हाताशी असेल तो कॅमेरा चालतो. लेन्स बदलता येत असेल तर ५० एमएमची एकच लावा आणि सहा महिने काढू नका. झूम नसला की स्वतःला पुढेमागे व्हावं लागतं, आणि अनोळखी माणसाच्या किती जवळ जायचं याचा अंदाज त्यातूनच येतो. फोटोओळ, म्हणजे फोटोखालची माहितीची ओळ, लिहायला सोबत खिशात मावेल अशी एक वही ठेवा. तिच्याबद्दल पुढे सांगते.

एक्सपोजरला, म्हणजे फोटोवर किती प्रकाश पडू द्यायचा या हिशोबाला, घाबरून बरेच जण ऑटो मोडवरच राहतात. गणित खरं तर साधं आहे. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. सेकंदाचा आकडा म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा. एफ ८ ला १/१२५ सेकंद बरोबर येत असेल, तर एफ ५.६ ला १/२५० किंवा एफ ११ ला १/६० ठेवलं तरी प्रकाश तेवढाच मिळतो. चित्र मात्र बदलतं. १/६० ला चालत्या माणसाचा हात पुसट येतो, एफ ५.६ ला मागची भिंत विरायला लागते, एफ ११ ला ती बरीच स्पष्ट होते. त्या भिंतीवर काय लिहिलंय ते बघणाऱ्याला दिसू द्यायचं की नाही, हा निर्णय अ‍ॅपर्चर ठरवताना होऊन जातो. तो तुम्ही घ्या, कॅमेऱ्यावर सोडू नका.

मी डार्करूममध्ये शिकले. संधी मिळाली तर तुम्हीही एखादा रोल स्वतः धुऊन त्यातला फोटो कागदावर छापून बघा. लाल दिव्याखाली, निगेटिव्हमधून उजेड दिलेला पण अजून कोराच दिसणारा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या रसायनात सोडायचा, ट्रे हलकेच हलवत राहायचा. काही सेकंद काहीच होत नाही. मग केस, भुवया, बाह्यांच्या सावल्या असं काळं काळं आधी वर येतं, त्यानंतर कातडीचे राखाडी रंग. घाईने कागद उचलला तर काळं मळकटच राहतं. नंतर ही क्रिया थांबवणारा स्टॉप बाथ, त्याचा व्हिनेगरसारखा वास, आणि शेवटी चित्र कायम करणारा फिक्सर.

अशाच एका ट्रेमध्ये एका वयस्कर बाईंचा चेहरा वर आला. मनगटाने डोळा पुसणारा, ओठ घट्ट मिटलेले. मला तो माझा सर्वांत चांगला फोटो वाटला. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात मी तो लावला आणि खाली एकच शब्द लिहिला: दुःख. लोक त्यापुढे थांबत होते, मीही सुखावले होते. काही दिवसांनी प्रिंट द्यायला त्यांच्याकडे गेले. फोटो निरखून त्या म्हणाल्या, "अगं, मी कुठे रडत होते? वारा सुटला होता, डोळ्यात कचरा गेला." फोटो त्यांना आवडला. शब्द मी दाखवलाच नाही. परत येऊन तो काढून टाकला.

फोकस, प्रकाश, फ्रेम, सगळं जागच्या जागी होतं. मी फक्त विचारलं नव्हतं, आणि एका शब्दाने त्यांच्यावर न घडलेली गोष्ट लादली होती.

पुढे या कलेचा इतिहास वाचताना हेच पुन्हा पुन्हा भेटत गेलं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थलांतरित मजुरांच्या तळावर एका आईचा आणि तिच्या मुलांचा फोटो काढला. मंदीच्या काळाचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, हे स्वतः त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, १९७८ मध्ये लोकांसमोर आल्या आणि तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं म्हणाल्या. पोटासाठी गाडीचे टायर विकले, ही लँग यांनी सांगितलेली हकिगतही कुटुंबाने नाकारली. फोटो आजही थोर आहे असं मी मानते. त्याच्याबरोबर आलेली हकिगत मात्र तपासलेली नव्हती.

फोटोओळीने खोटं बोलायची सुरुवात तर फार जुनी. फ्रान्समध्ये लुई डगेरची फोटो काढण्याची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि लगेच पुढच्या वर्षी तिथल्याच इपोलित बायार यांनी बुडून मेलेल्या माणसासारखं बसून स्वतःचा फोटो काढला. कागदावर थेट चित्र उमटवण्याची पद्धत त्यांनीही शोधली होती, पण मान डगेरला मिळाला. त्यामुळे फोटोच्या मागे त्यांनी लिहिलं की या अभाग्याने जीव दिला. प्रत्यक्षात ते १८८७ पर्यंत जगले. क्रिमियन युद्धात १८५५ साली ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटन यांनी एकाच जागेवरून दोन फोटो काढले: एकात रस्ता मोकळा, दुसऱ्यात त्यावर तोफगोळे विखुरलेले. गोळे कुणी मांडले, आधीचा फोटो कुठला, यावर पुढे खूप वाद झाले. जागेवर दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर वादाचं कारणच उरलं नसतं.

म्हणून ती वही. कोण, कुठे, काय करत होतं, हे त्या माणसाला विचारून लिहा. नावातला ऱ्हस्व-दीर्घही त्यालाच दाखवून घ्या. फोटो कुठे छापणार तेही आधी सांगा. ‘नको’ म्हणाला तर कॅमेरा खाली, आणि आधीच काढला असेल तर त्याच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारा. अपघात किंवा मरणाच्या जागी विचारायला वेळ नसतो हे खरं. अशा वेळी फोटो काढा, पण छापायचा की नाही हे थंड डोक्याने, दुसऱ्या कुणाला दाखवून ठरवा. बातमीच्या फोटोत उजेड-अंधार सावरणं चालतं. वस्तू पुसणं किंवा घालणं अजिबात नाही. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली काहीही न बदललेली फाइल, जपून ठेवा, नावाजलेल्या स्पर्धाही ती मागतात.

आणि नोंदी त्याच रात्री फाइलला जोडा. सुरुवातीचे दोन रोल मी ‘उद्या लिहू’ म्हणत तसेच ठेवले होते. निगेटिव्ह अजून उत्तम आहेत, चेहरेही लख्ख दिसतात. त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येत नाही.