माझगावच्या टेकडीवरून गोदी कशी बघावी

रूळ, क्रेन, गोदामं आणि जहाजं एका नजरेत बघायची असतील तर हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा आणि भंडारवाड्याच्या टेकडीवर चढा. वरच्या बागेचं नाव जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, पण ‘माझगाव गार्डन’ विचारलंत तरी कुणीही रस्ता दाखवेल.

जायचं ते दुपार कलल्यावर. बंदर पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो आणि क्रेनचा सांगाडा पट्टी न् पट्टी उठून दिसतो. पावसाची सर नुकतीच ओसरली असेल तर हातातलं काम टाकून जा.

निघण्यापूर्वी घरी उपग्रह नकाशा उघडा आणि वडाळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत किनाऱ्यालगतची जमीन सावकाश सरकवत बघा. १९१५ साली सुरू झालेली पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वे इथूनच धावायची. आता ती बंद आहे. पण ज्या गोदामाची भिंत विनाकारण गोलाई घेते, तिथून बहुतेक मालगाडीची साइडिंग, म्हणजे मुख्य रुळांपासून फुटलेला बाजूचा फाटा, वळत असणार. ही खूण एकदा ओळखता आली की शिवडी, कॉटन ग्रीनकडची कापसाची गोदामं रुळांशी कशी बांधलेली होती ते आपोआप कळत जातं.

वर पोचल्यावर लगेच समुद्राकडे बघू नका. सुरुवात पायथ्यापासून करा. खालून लोकल जाते ना, त्याच मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. मग पूर्व मुक्त मार्ग ओलांडून नजर उजवीकडे न्या. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. दोन्हींतलं पाणी आता भराव घालून बुजवलंय. त्याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकीन’ फुटलं. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला! आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. माझे आजोबा गोदीत हमाली करायचे. स्फोटाचा विषय निघाला की ते आधी या जवानांबद्दल बोलायचे, म्हणून मीही सोबत नेलेल्या प्रत्येकाला तिथे थांबवून हे सांगतेच.

समोर माझगाव डॉक. तिथे युद्धनौका बांधल्या जातात, त्यामुळे कॅमेरा त्या दिशेला रोखू नका, डोळ्यांनीच बघा.

पाय शाबूत असतील तर उतरल्यावर रे रोड स्टेशनपर्यंत चालत जा. कुर्ल्याहून निघालेली हार्बर लाइन १९१० साली तिथे येऊन थांबली होती, पुढे बोरीबंदरला जोडली गेली ती नंतर. आणि दुसऱ्या दिवशी सवड काढता आली तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा. टेकडीवरून पाहिलेले धक्के मग पाण्याच्या बाजूनेही बघून होतील.