ट्रेलरमधली उपकरणं सौर विजेवर चालवायची तर आधी केबल बघा

राहायच्या ट्रेलरच्या (कॅरव्हॅनच्या) छतावर सौर पॅनेल बसवलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटची बसवलीत?" बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये कुठली केबल टाकली, हे कुणी विचारत नाही. मिक्सर सुरू होईना किंवा दिवे मंदावले की सल्लाही ठरलेला असतो: अजून एक पॅनेल टाका. हा सल्ला ऐकून मी एकदा दोन पॅनेल वाढवली. मिक्सर तरीही फिरला नाही, कारण बिघाड छतावर नव्हताच. त्यानंतर स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये हे काम मी हाताने केलं. जवळपास प्रत्येक वेळी घोडं अडलं ते बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या दोन-तीन मीटरमध्येच. म्हणून बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो आणि त्या दोन-तीन मीटरवर सविस्तर लिहितो.

पायरी १: काय चालवायचं आणि काय नाही

प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले ते दिवसातून चालणारे तास, एवढाच हिशेब आहे. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना ५० वॅट घेतो आणि दिवसाचा साधारण ४० टक्के वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ४८० वॅट-तास. पंखा २५ वॅटचा, रात्रभर आठ तास, २०० वॅट-तास. लॅपटॉप आणि फोन मिळून १८०. एलईडी दिवे ८०. मिक्सर ५०० वॅटचा असला तरी सहा मिनिटंच चालतो, म्हणजे फक्त ५०. पाण्याचा पंप हिशेबात न धरला तरी चालेल. बेरीज हजाराच्या आसपास जाते आणि दोन-तीन माणसांच्या ट्रेलरला एवढं पुरतं.

या हिशेबातून एक गोष्ट हमखास सुटते: इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी वीज खातो. दहा वॅटच धरा, चोवीस तासांत २४० वॅट-तास गेले. पंख्यापेक्षा जास्त! काम झालं की इन्व्हर्टर बंद करायची सवय लावा. दिवे, पंखा, पंप आणि फ्रिज थेट बारा व्होल्टचेच घ्या, म्हणजे इन्व्हर्टर दिवसातून तासभरच लागतो.

एसी, गिझर आणि हीटर सौर विजेवर चालवायचा विचार सोडून द्या. लहानसा एसीसुद्धा हजार-बाराशे वॅट घेतो आणि तो चार तास चालला की चार-पाच हजार वॅट-तास संपतात. साध्या ट्रेलरच्या छतावर तेवढी पॅनेल मावत नाहीत. गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल, तर तो बारा व्होल्टवर अजिबात ठेवू नका. त्याच्यात कॉम्प्रेसर नसतो, तापणारी कॉइल असते. ती दीडशेच्या आसपास वॅट सतत ओढते आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी करते. ट्रेलर उभा असताना तो गॅसवरच चालवा. किटलीचा मात्र उगाच बाऊ केला जातो. लिटरभर पाणी उकळायला १०० वॅट-तासांच्या आसपास लागतात, बॅटरीला ते जड नाही. तिथे प्रश्न एवढाच की एका वेळी लागणारे हजार-दीड हजार वॅट तुमचा इन्व्हर्टर आणि तुमची केबल देऊ शकते का.

पायरी २: पॅनेल

छतावर आडवं बसवलेलं १०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३५० वॅट-तासांच्या आसपास देतं, १०० वॅट गुणिले बारा तास नव्हे. आपल्या हिशेबाला ३०० वॅट जेमतेम पुरतील, म्हणून ४०० बसवा. छत आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला दोन-तीन बोटं जागा सोडा, कारण पॅनेल जितकं तापेल तितकी वीज कमी होते. छतावरच्या खिडकीची किंवा अँटेनाची सावली पॅनेलवर पडू देऊ नका. पॅनेलच्या कोपऱ्यावर हाताएवढी सावली पडली तरी त्याचं उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. जागा निवडण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी छतावर चढून सावल्या कुठे पडतात ते खडूने आखून घ्या.

पायरी ३: कंट्रोलर आणि बॅटरी

पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळतो तो कंट्रोलर. तो एमपीपीटीच (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या, ४०० वॅटला ३० अँपिअरचा पुरतो. बॅटरीचा प्रकार त्यात नीट निवडा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सुमारे १२८० वॅट-तासांची असते आणि त्यातले हजार बिनधास्त वापरता येतात. लेड-अ‍ॅसिड तेवढ्याच एएचची घेतली तर निम्मेच वापरायचे, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ढगाळ दिवसाची सोय हवी असेल तर लिथियम २०० एएच. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. थंडीत फिरणार असाल तर तापमान घसरल्यावर चार्जिंग आपोआप तोडणारी घ्या.

पायरी ४: बॅटरी ते इन्व्हर्टर

आता मूळ मुद्दा. बारा व्होल्टवर सगळा खेळ करंटचा असतो. ८०० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतं. तेच चालवायला इन्व्हर्टर बॅटरीतून ७५ अँपिअर ओढतो. घरच्या वायरिंगची सवय असलेला माणूस इथेच चुकतो, कारण ७५ अँपिअरची वायर त्याने कधी हाताळलेलीच नसते.

माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुढे, हूकजवळच्या पेटीत होती आणि इन्व्हर्टर आत ओट्याखाली. अंतर तीन मीटर. केबल १६ स्क्वेअर एमएमची, दिसायला चांगली जाड. मिक्सर सुरू केला की इन्व्हर्टर 'टीं' करून बंद पडायचा आणि बॅटरी मात्र मीटरवर भरलेली दिसायची. मी पॅनेल वाढवली, मग बॅटरी बदलली, मग इन्व्हर्टर बदलायला निघालो. तेव्हा कुठे मल्टिमीटर घेऊन खाली बसलो.

ते मोजमाप असं करतात आणि तुम्हीही करा. ८०० वॅटचा हेअर ड्रायर लावा. मिक्सर नको, त्याचा लोड हलत राहतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर टेकवा. लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नव्हे, खांबाच्या धातूवर. दुसरं टोक इन्व्हर्टरच्या प्लस स्क्रूवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. मग हेच मायनसच्या बाजूला करा. मायनस मोजायचं बहुतेक जण विसरतात, खरं तर करंट तेवढाच परत येत असतो.

माझ्याकडे दोन्ही मिळून ०.९ व्होल्ट गळत होते. त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग सरळ केबलचा होता: १६ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला १.१५ मिलिओहम, जाऊन-येऊन सहा मीटर, ७५ अँपिअर, म्हणजे ०.५२ व्होल्ट. उरलेलं शोधायला मी एकेका जोडावर टोकं टेकवत गेलो. बॅटरीच्या मायनस खांबावर एकट्या जोडात ३०० मिलिव्होल्ट निघाले. त्या लगला बोट लावून ठेवता येईना. त्याच्याजवळचं केबलचं वेष्टण मऊ पडून चकाकत होतं. नट उघडला तर लग आणि खांब यांच्या मध्ये स्टीलचा वॉशर! बसवताना मीच घातलेला. तेवढ्या जागेत २२ वॅट जळत होते.

८०० वॅटच्या स्थिर लोडला ०.९ व्होल्ट गळूनही इन्व्हर्टर तग धरतो. पण मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट घेते. गळती त्याच प्रमाणात वाढते, बॅटरी स्वतःही दबते, आणि इन्व्हर्टरच्या स्क्रूवर साडेदहा व्होल्टही उरत नाहीत. तो बंद पडणारच. अशा वेळी बॅटरीचा मीटर बघून काही कळत नाही, कारण तो गळतीच्या अलीकडे बसलेला असतो.

यावरून मी जे नियम धरले ते आता कुणासाठीही मोडत नाही.

इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभर अंतरावर बसवा. लांब न्यायची ती २३० व्होल्टची वायर न्या, तिच्यात करंट नगण्य असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्याच पेटीत इन्व्हर्टर ठेवू नका, मधल्या भिंतीच्या पलीकडे बसवा. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला मीटरभर अंतरासाठी ३५ स्क्वेअर एमएमची केबल टाका. मी हा बदल केल्यावर त्याच हेअर ड्रायरला केबलमधली गळती ०.०८ व्होल्टवर आली आणि मिक्सर पहिल्या झटक्यात फिरला. तेही काढून ठेवलेल्या जुन्या बॅटरीवर.

केबल तांब्याचीच आहे ना, ते तपासा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबली सर्रास मिळतात आणि त्यांचा रोध दीडपटीहून जास्त असतो. एक तार काढून ब्लेडने खरवडा. बाहेर लाल आणि आत पांढरी निघाली तर परत करा. बाहेर पांढरी आणि आत लाल असेल तर ती कथिल चढवलेली तांब्याची तार आहे, ती उत्तम.

लग हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलनेच दाबा. हातोडी मारून किंवा पकडीने चेपून काम भागतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. डाग देऊनही नको. शिसं तारांमध्ये वर चढतं, तिथे केबल कडक होते आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. टूल भाड्याने आणलं तरी चालेल, पण पहिला लग वाया घालवायची तयारी ठेवा. तो दाबा, मग हॅक्सॉने आडवा कापा आणि कापलेला भाग उजेडात धरा. आतल्या शेकडो तारा एकमेकींत दबून तांब्याचा सलग ठोकळा दिसला पाहिजे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या फटी दिसल्या तर डाय (टूलमधला दाबायचा साचा) चुकीचा आहे किंवा लग मोठा आहे.

बसवताना लग थेट खांबाला टेकला पाहिजे, धातूला धातू. त्याच्यावर वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. लगच्या खाली काहीही नाही. दोन्ही पृष्ठभाग आधी बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

फ्यूज प्लसच्या केबलवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हजार वॅटला १५० अँपिअरचा. फ्यूज केबलला जळण्यापासून वाचवायला असतो, म्हणून बॅटरी आणि फ्यूज यांच्यातला तुकडा जितका लहान तितका बरा. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर ओकते. त्यामुळे किती करंट तोडू शकतो हे ज्याच्यावर छापलेलं आहे असाच फ्यूज घ्या. गाडीतल्या साध्या पात्याच्या फ्यूजचं हे काम नाही.

सगळं जोडून झालं की पुन्हा हेअर ड्रायर लावा आणि पुन्हा मोजा. प्लस आणि मायनस मिळून ०.३ व्होल्टच्या आत असलं पाहिजे. एखादा जोड एकटा ५० मिलिव्होल्टच्या वर गेला तर तो उघडा. पाच मिनिटं लोड चालू ठेवून मग इन्व्हर्टर बंद करा आणि प्रत्येक लगला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको.

पायरी ५: २३० व्होल्टची बाजू

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा घ्या. मुक्कामाच्या जागी मिळणारी बाहेरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वेळी त्याच सॉकेटांना कधीही जोडू नका, मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हींपैकी एकच वीज जोडणारा) हवाच. सॉकेटांच्या आधी आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि अर्थिंगचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बारा व्होल्टच्या बाजूला चूक झाली तर केबल जळते, इथे माणूस जातो.

पायरी ६: पहिल्या प्रवासानंतर

शंभरएक किलोमीटर ट्रेलर ओढून झाला की मुख्य स्विच बंद करा आणि सगळे नट पाना लावून तपासा. एखाद-दुसरा सैल झालेला असतोच. पान्याच्या दांड्याला आधीच टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे तो चुकून प्लस आणि मायनस दोन्हींना एकदम टेकणार नाही. मग दर मोसमाच्या सुरुवातीला एकदा नट आणि एकदा हेअर ड्रायर. मोजलेले आकडे बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ०.२ चे ०.४ झालेले दिसले, की कुठला जोड उघडायचा ते एकेका लगवर टोकं टेकवून दहा मिनिटांत सापडतं.