नदीतले मासे आणि बाजारातले मासे : भीमेवर प्रकल्प करताना

प्राणिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांपैकी कुणीतरी दरवर्षी 'अमुक नदीतील मत्स्यविविधता व तिचे आर्थिक महत्त्व' हा विषय घेतंच. मी तो भीमेवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर केला. विषय सोपा समजून घेतला जातो, पण यात कामं दोन आहेत : नदीत कोणते मासे किती आहेत ते मोजणं, आणि बाजारात त्यांचं मोल काय ते पाहणं. ती एकाच तक्त्यात कोंबली की तोंडी परीक्षेत पंचाईत होते.

भिगवणच्या बाजारात लिलावाच्या वेळी उभे राहा. क्रेट भरलेले असतात ते चिलापीनेच. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. कटला, रोहू, मृगळ हेही भीमेचे नव्हेत. ते गंगेकडचे, इथे त्यांचं बीज सोडलं जातं. म्हणजे वजनात वरचढ ते बहुतेक बाहेरून आलेले. मरळ, वाम, शिंगाडा ही इथली मंडळी थोडी येतात, पण भाव खातात. मरळ तर थेट हवेतून श्वास घेतो, त्यामुळे टबात जिवंत ठेवून विकता येतो, आणि गिऱ्हाईक त्या वळवळीचेच पैसे मोजतं.

बाजारातल्या आकड्यांवरून शॅनन निर्देशांक (जाती किती आणि प्रत्येकीची संख्या किती यावरून काढलेलं विविधतेचं माप) मात्र काढू नका. तिथे वजन मिळतं, संख्या नाही. शिवाय जाळ्याच्या आसाने (भोकाच्या मापाने) आणि मच्छीमाराच्या हाताने निवड आधीच झालेली असते. चिल्हर मासळी काठावरच वाटून संपते. विविधता मोजायची तर ठरलेल्या ठिकाणी, वेगवेगळ्या आसाची जाळी टाकून, प्रत्येक मासा मोजायचा. चंदा नामा हा मासा असाच सापडतो. बोटभर लांबीचा, उन्हात धरला तर कणा आरपार दिसतो, आणि दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून जगतो. लिलावात त्याला वेगळा पुकारा नाही, पण तुमच्या यादीत त्याची ओळ हवीच.

नमुन्याचा फोटो आधी घ्या, डाव्या बाजूने; नमुना टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो. द्रावण दहा टक्क्यांचं, आणि मोठ्या माशाचं पोट चिरायचं ते उजवीकडून. पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे) खवले, परांचे काटे, मिशा हे काठावरच वहीत उतरवा. शास्त्रीय नावं जुन्या प्रबंधांतून उचलू नका : पुंटियस टिक्टो २०१२ पासून पेथिया टिक्टो आहे. तुलनेसाठी मागे जायचं तर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यापर्यंत जा. त्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यातला खुद्री महसीर हा मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. 'पूर्वी काय होतं?' हा परीक्षकांचा हमखास प्रश्न.

भाव लिहिताना लिलावाचा आणि किरकोळीचा असे दोन रकाने ठेवा. दुसऱ्यात बर्फ, वाहतूक, आडत सगळं मिसळलेलं असतं. एकाच जातीचा भाव आकाराप्रमाणेही बदलतो, तोही टिपा. पावसाळा चुकवू नका. चढणीचे मासे गाभोळीसकट पकडले जातात, तेव्हा आवक नुसती 'वाढली' असं लिहून भागत नाही.

आणखी एक रकाना मी नंतर जोडला, तो तुम्ही सुरुवातीलाच ठेवा : नुकसानीचा. मत्स्यालयातून सुटलेला सकर मासा आता उजनीत आहे. त्याच्या अंगावर कडक पत्रे असतात, जाळं फाटतं, खायला कुणी घेत नाही. मच्छीमार तो काठावर फेकून देतात. त्याचं आर्थिक मूल्य लिहायचं तर जाळं सांधायला लागलेला दोरा आणि बुडालेला दिवस धरून, वजा चिन्ह लावूनच.